प्रकाशाचे रंग आणि भाताची लोंबी



विजयदुर्गाच्या किल्ल्यांत कांहीं दगडी चौथरे आहेत. तेथील लोक त्यांस 'साहेबाचे कट्टे' म्हणतात. १८ ऑगस्ट १८६८ रोजीं झालेल्या खग्रास सूर्यग्रहणाचें निरीक्षण या कट्ट्यांवरून झालें, आणि नॉर्मन लॉकियर या इंग्रज ज्योतिर्विदास हेलियम या मूलद्रव्याचा पत्ता येथेंच लागला, अशी त्या भागांत समजूत आहे. इतिहासाच्या कसोटीस ही समजूत पुरती उतरत नाहीं. ग्रहणाच्या छायेचा पट्टा याच किनाऱ्यावरून भूमीवर चढला, हें खरें. परंतु त्या दिवशीं फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन गुंटूर येथें, पॉगसन मछलीपट्टण येथें, आणि लेफ्टनंट जॉन हर्शेल जमखंडी येथें आपापलीं यंत्रें मांडून बसले होते. लॉकियर त्या सुमारास इंग्लंडांतच होता. सूर्याच्या कडेवरील ती विलक्षण पिवळी रेषा त्यानें ग्रहणाच्या साहाय्यावांचून पाहिली, ती २० ऑक्टोबर १८६८ रोजीं. हेलियम पृथ्वीवर हातीं लागण्यास तर १८९५ साल उजाडावें लागलें.

पण माझा आजचा विषय हेलियम नव्हे. ग्रहण पाहणाऱ्या त्या मंडळींचें मुख्य साधन होतें लोलक. सूर्याचा शुभ्र किरण लोलकांतून गेला म्हणजे त्याचे तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, पारवा व जांभळा असे रंग उलगडतात. हें न्यूटननें १६७२ सालीं जाहीर केलें होतें. १८६८ च्या मंडळींनीं त्या रंगांवरून सूर्याचें द्रव्य ओळखण्याचा प्रयत्न केला. ज्या किरणांची अशी चिकित्सा चालली होती, तेच किरण ग्रहण सुटतांच किल्ल्याखालच्या खाचरांतील भाताच्या पात्यांवर पुन्हां पडूं लागले असतील. ऑगस्टांत कोंकणांत दुसरें काय असणार? तेव्हां सहजच असा प्रश्न उभा राहतो कीं, हे जे निरनिराळे रंग, त्यांचें भाताचें पातें काय करतें? सगळे रंग त्यास सारखेच, कीं त्यांतील एक पथ्यकर व दुसरा कुपथ्यकर? या प्रश्नाचा इतिहास सव्वादोनशेंहून अधिक वर्षांचा आहे. तो मनोरंजक तर आहेच. परंतु आज रस्तोरस्तीं आणि घरोघरीं नव्या तऱ्हेचे दिवे लागत असतां तो जाणून घेणें आवश्यकहि झालें आहे.

प्रारंभ जिनीव्हा शहरापासून करूं. हिरवीं पानें सूर्यप्रकाशांतच प्राणवायु सोडतात, अंधारांत सोडीत नाहींत, हें इंगेनहौझ या डच वैद्यानें १७७९ सालीं सिद्ध केलें. त्यानंतर तीनच वर्षांनीं, १७८२ सालीं, जिनीव्हाचा जीन सेनेबिए यानें आपले प्रयोग प्रसिद्ध केले. त्याची युक्ति साधी आणि सुंदर होती. दुहेरी भिंतीच्या कांचेच्या भांड्यांत, दोन भिंतींच्या मधल्या पोकळींत, तो निरनिराळ्या रंगांचीं द्रवें भरी आणि आंत रोप ठेवी. बाहेर सूर्य एकच. पण एका रोपास तांबडा प्रकाश मिळे, दुसऱ्यास पिवळा, तिसऱ्यास जांभळा. रंगीत प्रकाशांत झाड वाढवून पाहण्याची परंपरा येथून सुरू होते.

मात्र या पद्धतींत एक खोच होती, आणि ती ओळखण्यास शास्त्रज्ञांस शंभर वर्षें लागलीं. रंगीत कांच किंवा रंगीत पाणी प्रकाशांत कोणताहि रंग नव्यानें घालीत नाहीं. तें फक्त इतर रंग अडवितें. निळ्या कांचेखालचें रोप निळा प्रकाश अधिक पीत नसतें. बाकीच्या रंगांस तें मुकलेलें असतें. म्हणून दोन रंगीत कांचांखालचीं रोपें शेजारीं ठेवून त्यांची उंची मोजली, तर आपण रंग मोजीत आहों कीं नुसतें प्रकाशाचें कमी-अधिक प्रमाण मोजीत आहों, हें कळत नाहीं. ऑक्सफर्डच्या डॉबेनीनें १८३६ सालीं रंगीत कांचा घेऊन पाहिलें. अमेरिकेंत ड्रेपरनें १८४३ च्या सुमारास एक पाऊल पुढें टाकलें. लोलकानें पाडलेल्या प्रत्यक्ष वर्णपटांतच त्यानें गवताच्या पात्यांच्या नळ्या ओळीनें ठेविल्या, आणि कोणत्या रंगांत किती वायु सुटतो तें मोजलें. या दोघांचाहि कौल पिवळ्या प्रकाशाच्या बाजूनें पडला. मनुष्याच्या डोळ्यास पिवळा रंग सर्वांत तेजस्वी दिसतो. तेव्हां झाडासहि तोच सर्वांत मानवत असावा, असें पुष्कळांस वाटलें, यांत नवल नाहीं.

ही चूक दुरुस्त केली ती रशियाच्या तिमिर्याझेव्हनें. ड्रेपरच्या यंत्राची फट रुंद होती, त्यामुळें शेजारशेजारचे रंग एकमेकांत मिसळत होते. तिमिर्याझेव्हनें फट अगदीं बारीक केली, आणि १८७५ सालीं असें दाखविलें कीं, पानाचें काम पिवळ्यांत नव्हे, तर तांबड्या रंगांत सर्वांत जोरानें चालतें; आणि तेंहि नेमकें त्याच तांबड्या पट्ट्यांत, जो पानांतील हरितद्रव्य शोषून घेतें. यामागील तत्त्व साधें आहे. जो पैसा पेटींत पडलाच नाहीं तो खर्च कसा होणार? त्याचप्रमाणें जो किरण पानांत शोषला गेला नाहीं, त्यापासून अन्न होणें शक्य नाहीं. पान आपल्याला हिरवें दिसतें, तें हिरव्या किरणांतील बराचसा भाग परत पाठवितें म्हणून.

यावर शिक्कामोर्तब केलें जर्मनीच्या एंगेलमननें, १८८२ सालीं. हिरव्या शेवाळाचा एक तंतु त्यानें सूक्ष्मदर्शकाखालीं ठेविला, त्यावर चिमुकला वर्णपट पाडला, आणि त्या पाण्यांत प्राणवायूसाठीं धांव घेणारे सूक्ष्म जंतु सोडले. थोड्याच वेळांत जंतूंचे दोन घोळके जमले. एक तांबड्या पट्ट्यापाशीं, दुसरा निळ्यापाशीं. जेथें प्राणवायु तेथें जंतु. आणि जेथें प्राणवायु तेथें पानाचें अन्न शिजत आहे, हें उघड. कोष्टकें नाहींत, आंकडेमोड नाहीं. जंतूंनींच उत्तर लिहून दिलें.

याच एंगेलमनच्या विचाराची एक पुढची कडी मालवणच्या समुद्रांत पहावयास सांपडते. पाण्यांतून खालीं जातांना सूर्यप्रकाशांतील तांबडा रंग सर्वांत आधीं गळतो. खोलवर उरतो तो निळा-हिरवा प्रकाश. हिरवें शेवाळ जो तांबडा मुख्यत्वें वापरतें तोच तेथें दुर्मिळ. अशा ठिकाणीं तांबड्या रंगाचें शेवाळ उपयोगी पडतें, कारण त्याच्या अंगचें तांबडें द्रव्य हिरवे किरण शोषून घेतें व ती शक्ति हरितद्रव्याच्या हवालीं करतें. हा क्रम अगदीं काटेकोर नसतो; तांबडीं शेवाळें उथळ पाण्यांतहि वाढतात. परंतु सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचे खडक, जे १९८७ पासून सागरी अभयारण्यांत मोडतात, ते ओहोटीच्या वेळीं पाहिले तर हिरवीं, तपकिरी व तांबडीं शेवाळें एकाच किनाऱ्यावर नांदतांना दिसतात. एकाच सूर्याच्या प्रकाशांतून आपल्या वांट्याचा रंग वेंचून घेण्याच्या या निरनिराळ्या तऱ्हा होत.

शास्त्र असें एक एक पाऊल तपासून पुढें टाकीत असतांना बाजार स्वस्थ बसला नव्हता. अमेरिकेंत फिलाडेल्फिया येथें ऑगस्टस प्लेझन्टन नांवाचा एक सैन्याधिकारी होता. त्यानें १८६१ सालीं द्राक्षाच्या वेलांसाठीं कांचगृह बांधून त्याच्या छपरांत दर आठव्या रांगेस जांभळी कांच बसविली. वेल जोमानें वाढले, आणि त्याचें सर्व श्रेय त्यानें त्या कांचेला दिलें. १८७१ त त्यानें पेटंट मिळविलें. १८७६ त निळ्या कागदावर निळ्या शाईनें छापलेलें पुस्तक काढलें. पुढच्या वर्षीं निळ्या कांचेची अशी कांहीं लाट उसळली कीं, लोक संधिवातापासून अशक्तपणापर्यंत सर्व रोगांवर उपाय म्हणून निळ्या कांचेच्या खिडकींत बसूं लागले. शास्त्रीय नियतकालिकांनीं दाखवून दिलें कीं, ही कांच सूर्याच्या किरणांत भर घालीत नाहीं, उलट घट करते. आणि लाट जशी आली तशी ओसरली. हा प्रसंग मीं विनोद म्हणून सांगितला नाहीं. द्राक्षें खरोखरच वाढलीं होतीं. चांगली माती, खत, पाणी व कांचगृहाची ऊब यांनीं तीं वाढलीं असतांना श्रेय मात्र डोळ्यांस दिसणाऱ्या रंगाला मिळालें. शेतीच्या क्षेत्रांत फसगत होते ती बहुधा अशीच.

आतां आपण आपल्या मुंबईस येऊं. रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स या संस्थेंत वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक आर. एच. दस्तूर आणि त्यांचे सहकारी सामंत, मेहता, सॉलोमन, कानिटकर यांनीं १९३३ ते १९३८ या काळांत याच प्रश्नावर निबंधांची एक मालिका लिहिली, व ती लंडनच्या 'अॅनल्स ऑफ बॉटनी' या मान्यवर त्रैमासिकांत प्रसिद्ध झाली. त्यांच्या प्रश्नाचा रोख असा होता. विजेच्या तारेच्या दिव्याचा प्रकाश तांबड्या-पिवळ्या किरणांनीं भरलेला, पण निळ्या-जांभळ्या किरणांत दरिद्री असतो. मग अशा दिव्याखालीं ठेवलेल्या पानांत शर्करा व पिष्ट सूर्यप्रकाशाइतकें तयार होतें काय? नसेल, तर ती उणीव निळ्या-जांभळ्या किरणांची समजावी काय? आणि पानांतील प्रथिनांच्या घडणीवर प्रकाशाच्या रंगाचा परिणाम होतो कीं काय? तांबड्याचा महिमा तिमिर्याझेव्हपासून सर्वत्र गाइला जात असतांना, निळ्या-जांभळ्या किरणांना गौण मानून चालणार नाहीं, आणि सूर्याच्या अखंड शुभ्र प्रकाशाची सर एकेकट्या रंगास येत नाहीं, या दिशेनें मुंबईच्या या प्रयोगांनीं लक्ष वेधलें. आपल्या शहरांत, आपल्याच लोकांच्या हातून झालेलें हें काम आपणांस ठाऊक असूं नये, ही खेदाची गोष्ट आहे.

अन्नाच्या या प्रश्नाचा निकाल पुढें बराच स्पष्ट झाला. अमेरिकेंत रॉबर्ट इमर्सननें १९५७ सालीं दाखविलें कीं, दोन निरनिराळ्या छटांचे तांबडे किरण एकदम दिले तर त्यांचें काम वेगवेगळ्या कामांच्या बेरजेहून अधिक होतें; म्हणजे रंग एकमेकांस साह्य करतात. मॅक्रीनें १९७२ सालीं बावीस जातींच्या पिकांचीं पानें घेऊन प्रत्येक रंगाची कसोटी लावली. तांबड्यांत काम सर्वांत जास्त, निळ्यांत त्याहून कमी, हें ठरलेंच. पण हिरवा रंग निरुपयोगी ही जुनी समजूत मात्र खोटी ठरली. पान बरेंचसें हिरवें परत करतें, तरी जें आंत शिरतें तें खोलवर जातें, आणि ज्या थरांपर्यंत तांबडा-निळा पोंचत नाहीं त्या थरांस तें पोसतें.

येथवरची कथा प्रकाश हें अन्न मानून सांगितली. पण प्रकाशाची दुसरीहि एक कामगिरी आहे, आणि ती पुष्कळ काळ शास्त्रज्ञांच्या दृष्टीआड राहिली. प्रकाश रोपाला अन्न देतो, तसा निरोपहि देतो. आपण कोठें आहों, शेजारीं कोण आहे, दिवस किती मोठा आहे, ऋतु कोणता आहे, ही वार्ता रोपास रंगांतून कळते. आणि या निरोपास लागणारा प्रकाश अन्नास लागणाऱ्या प्रकाशाच्या मानानें अत्यंत अल्प असतो. पोटभर जेवणास शेरभर तांदूळ लागतात. पत्र वाचावयास एक ज्योत पुरते.

निळ्या रंगाचा निरोप चार्ल्स डार्विन व त्याचा मुलगा फ्रान्सिस यांच्या १८८० च्या ग्रंथानें अभ्यासाच्या कक्षेंत आणला. गवताचा कोंब उजेडाकडे वळतो, आणि उजेड जाणण्याचें स्थान कोंबाच्या टोकाशीं असतें, हें त्यांनीं टोकावर टोपी घालून सिद्ध केलें. हें वळणें निळ्या किरणांच्या आज्ञेनें होतें. पानांवरील सूक्ष्म रंध्रें उघडण्यास व रोप आटोपशीर राखण्यासहि निळ्याचीच मदत होते. नुसत्या तांबड्या प्रकाशांत वाढविलेलीं पुष्कळ रोपें लांबुडकीं होतात, तीं यामुळें.

तांबड्या रंगाचा निरोप याहून अद्भुत आहे. १९२० सालीं अमेरिकेंत गार्नर व अॅलार्ड यांनीं तंबाखूच्या एका अडेल जातीवरून शोध लावला कीं, कित्येक झाडें दिवसाची लांबी मोजतात, आणि त्यावरून केव्हां फुलावयाचें तें ठरवितात. पुढें असें दिसून आलें कीं, झाड खरें मोजतें तें दिवस नव्हे, तर रात्र. आणि मध्यरात्रीं थोडा वेळ उजेड दाखविला तर लांब रात्र त्यास आंखूड वाटते. हें कोणत्या रंगानें होतें? मुख्यतः तांबड्यानें. १९५२ सालीं बोर्थविक, हेन्ड्रिक्स व त्यांचे सहकारी यांनीं लेट्यूसच्या बियांवर प्रयोग करून त्यामागील किल्ली हस्तगत केली. तांबडा प्रकाश, म्हणजे सुमारें ६६० नॅनोमीटर लांबीची लहर, बियांस 'रुजा' म्हणतो. आणि तांबड्याच्याहि पलीकडचा, डोळ्यांस जेमतेम दिसणारा, सुमारें ७३० नॅनोमीटरचा प्रकाश त्यांस 'थांबा' म्हणतो. या दुसऱ्याला आपण दूरतांबडा म्हणूं. आळीपाळीनें कितीहि वेळां हे दोन प्रकाश दाखवा, बी शेवटचा शब्द ऐकतें. हे दोन निरोप वाचणारें द्रव्य १९५९ सालीं प्रयोगशाळेंत प्रत्यक्ष ओळखलें गेलें. त्यास फायटोक्रोम असें नांव आहे.

आतां हें सर्व घेऊन मालवण-वेंगुर्ल्याकडच्या शेताबागांत उतरूं, म्हणजे जुन्या अनुभवाचा अर्थ नव्यानें लागेल.

प्रथम माडांची बाग घ्या. वर माड, त्याखालीं पोफळी, पोफळीवर चढलेली मिरवेल, खालीं जायफळ, केळ, अननस. वरच्या झांवळ्या तांबडे-निळे किरण टिपून घेतात. खालीं झिरपतो तो कांहींसा हिरवा आणि पुष्कळसा दूरतांबडा प्रकाश. डोळ्यास ती नुसती सांवली. रोपास मात्र ती वार्ता आहे, 'तुझ्यावर दुसऱ्याचें पान आहे.' ज्यास ऊन हवें तें रोप ही वार्ता मिळतांच उंच धांवूं लागतें, पानें कमी करतें, खोड बारीक करतें. ज्याचा पिंडच सांवलीचा आहे तें स्वस्थ राहतें. सांवलींत कोणतें झाड लावावें व कोणतें लावूं नये, हें ज्ञान कोंकणच्या बागाइतदारानें अनुभवानें मिळविलें. दाट पेरलेल्या तरव्यांतील रोपें उंच व लुकडीं निघतात, त्यासहि हेंच एक कारण आहे; जागेच्या व खताच्या वांटणीइतकाच शेजाऱ्याच्या पानांवरून परतलेला दूरतांबडा प्रकाश तेथें बोलत असतो.

दुसरें भात. दक्षिण कोंकणांतील शेतकरी भाताचे हळवें, निमगरवें व गरवें असे भेद करतो. भरड जमिनींतील पाणी लवकर आटतें, तेथें हळवें. मळ्यांत पाणी टिकतें, तेथें गरवें. जुन्या गरव्या जातींचें वैशिष्ट्य असें कीं, मृगाचा पाऊस चार दिवस लवकर येवो कीं उशिरां, लावणी आधीं होवो कीं मागाहून, लोंबी टाकण्याचा त्यांचा काळ फारसा हलत नाहीं. पावसाची उघडीप होऊन हस्त-चित्राचें ऊन पडूं लागतें त्या सुमारास त्यांचा दाणा भरतो. पावसावर ज्याचा भरंवसा नाहीं अशा देशांत हा केवढा मोठा गुण! पाऊस लहरी, पण आकाशाचें घड्याळ अचूक. मालवणच्या अक्षांशावर, म्हणजे सुमारें १६ अंशांवर, वर्षांतील सर्वांत मोठा दिवस तेरा तासांच्या किंचित् वर आणि सर्वांत लहान अकरा तासांच्या थोडा वर असतो. दोहोंतील अंतर दोन तासांहूनहि कमी. एवढा सूक्ष्म फरक गरवें भात आपल्या पानांतील त्या द्रव्याच्या साह्यानें टिपतें. ज्यानें पिढ्यान् पिढ्या हें बियाणें निवडून राखलें त्या शेतकऱ्यास फायटोक्रोम हा शब्द ठाऊक नव्हता. पण त्याचा उपयोग तो करीत होता.

तिसरें वायंगण. उन्हाळ्यांत पाण्याच्या सोयीवर घेतलेलें हें भात पुष्कळदां पावसाळी पिकापेक्षां चांगलें उतरतें. येथें मात्र श्रेय रंगाचें नव्हे. पावसाळ्यांत ढग सूर्यप्रकाशाचा मोठा हिस्सा अडवितात. वायंगणास तो भरपूर मिळतो. म्हणजे प्रकाशाविषयीं प्रश्न विचारावयाचा तर तो तीन प्रकारें विचारावा लागतो: प्रकाश किती, कोणत्या रंगाचा, आणि केव्हां. या तिहींची गल्लत हीच प्लेझन्टनची चूक होती, आणि आजहि तीच होण्याचा संभव आहे.

हा संभव मी कां म्हणतों तें सांगतों. १९९३ सालीं जपानांत शुजी नाकामुरा यांनीं झगझगीत निळा प्रकाश देणारा एलईडी दिवा सिद्ध केला; या निळ्या दिव्याच्या कार्याबद्दल अकासाकी, अमानो व नाकामुरा यांस २०१४ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. तांबडे एलईडी त्यापूर्वींच होते. त्यामुळें सेनेबिएला रंगीत पाण्यांतून जें अर्धवट साधलें, तें आज कळ दाबतांच साधतें. हवा तो रंग, हवा तितका, हवा तेव्हां. बंद खोलींत पालेभाज्या, कोंब व रोपें यांच्यासाठीं या दिव्यांचा खरोखर उपयोग होतो. पण शहरांतील गृहिणीनें गच्चीवरील कुंडीसाठीं गुलाबी दिवा घेण्यापूर्वीं, किंवा शेतकऱ्यानें रंगीत जाळीवर पैसे घालण्यापूर्वीं, तेच तीन प्रश्न विचारावे. जाळी कोणत्याहि रंगाची असो, ती प्रकाश वजाच करणार. झाडास सांवली हवी असेल तरच तिचा लाभ. आणि भातासारख्या पिकास जितकी शक्ति लागते तितकी विजेनें पुरविणें म्हणजे सोन्याच्या नांगरानें शेत नांगरणें होय.

याहून गंभीर गोष्ट दुसरी आहे. नव्या महामार्गांवर, पुलांवर, गांवच्या वेशीवर आतां रात्रभर प्रखर दिवे जळतात. दिवसाची लांबी मोजणाऱ्या भाताच्या शेतावर असा दिवा पडला तर त्या भागापुरती रात्र आंखूड होते, लोंबी उशिरां येते, आणि कापणीच्या वेळीं पिवळ्या शेतांत दिव्याभोंवतीं एक हिरवा डाग उरतो. हा परिणाम जपानांत व इतरत्र पुष्कळदां नोंदला गेला आहे. कोणी विचारील, मग चांदण्यानें असें कां होत नाहीं? पौर्णिमेच्या चांदण्याचा उजेड एका लक्सचाहि नसतो. रस्त्याच्या दिव्याखालीं तो त्याच्या कित्येक पटींनीं अधिक असतो. पिढ्यान् पिढ्या चांदणें सोसलेल्या भाताला हा नवा उजेड अपरिचित आहे.

१९६० नंतर आलेल्या आयआर-८ व जया यांसारख्या जाती दिवसाची लांबी फारशी मोजीत नाहींत. त्यांस या दिव्यांची बाधा कमी. कोणी म्हणेल, मग तंटाच मिटला. जुनीं बियाणीं सोडून द्या. परंतु ज्या मळ्यांत पाणी उशिरांपर्यंत सांचून राहतें, आणि जेथें पाऊस केव्हां सुरू होईल याचा नेम नाहीं, तेथें आकाशाचें घड्याळ पाहणारें बी ही मोलाची ठेव आहे. हवामान अधिकाधिक लहरी होत चाललें असतां ती ठेव आपल्या हातांनीं गमावणें शहाणपणाचें नाहीं. उपाय अवघड नाहीं. दिव्यास वरून व बाजूनें झांकण घालून उजेड रस्त्यावरच पडेल असें करावें. आणि लोंब येण्यापूर्वींचे आठवडे, म्हणजे भाद्रपदाच्या आसपास, शेताकडेचे दिवे मध्यरात्रीं मंद ठेवावे. गांवच्या पंचायतीस हें सहज करतां येईल, आणि शहरांतून जाऊन रस्ते आंखणाऱ्या मंडळींनीं दिव्याचा खांब रोवतांना शेजारीं भात आहे काय एवढें विचारलें, तरी पुष्कळ झालें.

सेनेबिएच्या रंगीत पाण्यापासून दस्तूरांच्या मुंबईंतील प्रयोगांपर्यंत, आणि तेथून आजच्या दिव्यांपर्यंत, या इतिहासाचें सार इतकेंच आहे: रोपास प्रकाश हा एकाच वेळीं अन्न आणि निरोप असतो. अन्न कमी पडलें तर पीक रोडावतें, हें कोणासहि दिसतें. निरोप चुकला तर पीक हिरवेंगार राहूनहि लोंबी येत नाहीं, आणि त्याचें कारण खांबावर लटकत असतें, हें मात्र सांगितल्यावांचून कोणाच्या ध्यानीं येत नाहीं. म्हणून तें आज सांगितलें.